चुकलेला कान

माझ्या घराच्या फाटकावर एक पाटी आहे. मीच रंगवलेली, वळणदार अक्षरात: 'चित्रकला शिक्षक. येथे व्यक्तिचित्रे काढून मिळतील.' पाटी वाचून लोक फाटक वाजवतात. मी चष्मा पुसत लगबगीनं बाहेर येतो. आणि समोरचा माणूस विचारतो, "सर, ते पेंटर कधी येणार हायेत, तुमाले काई मालूम?"

नाही मालूम. मी काय त्याचा मुनीम आहे?

पेंटर हैदराबादला धाकट्या भावाकडे गेला, त्याला बरेच महिने झाले. गेला तेव्हा मला वाटलं, चला, पीडा गेली, मालेगावात, म्हणजे आमच्या अकोल्याकडच्या मालेगावात, आता आपणच. कुठलं काय! लोक थांबायला तयार आहेत. घरचं माणूस जाऊन वर्ष होत आलं तरी भिंतीवरचा खिळा रिकामा ठेवतात आणि म्हणतात, पेंटर येऊ द्या. मी समोर उभा असतो, हातात डिप्लोमा असलेला माणूस. त्यांना दिसतच नाही.

सरळच सांगतो, मी त्या माणसावर जळायचो. जळायचो म्हणजे काय, अजूनही जळतो. बस स्टँडजवळून जाताना त्यानं लिहिलेल्या दुकानांच्या पाट्या दिसतात. 'किराणा' या शब्दातला 'रा' असा काही वळलेला असतो, की दुकानदार स्वतः हात जोडून बोलावतोय असं वाटतं. मी रोज त्या 'रा'कडे पाहतो आणि माझा दिवस खराब होतो.

आता त्याचं सगळं आयतं होतं, हेही खरंच. खानदानच तसं. त्याचे आजोबा मोहरममध्ये ताजियाची कागदी जाळी कातरायचे आणि उरलेलं वर्षभर आसपासच्या गावांत देवळाच्या भिंती रंगवायचे. रिठदकडच्या एका मारुतीच्या देवळात त्यांचा हात अजून दिसतो. बापानं अकोल्याला टॉकीजवरचे सिनेमाचे फलक रंगवले. आत्या मेंदी काढते, आणि तिला वेळ नसला तर लग्नघरं मुहूर्त पुढं सरकवतात. धाकटा भाऊ हैदराबादला सिनेमाचे सेट रंगवतो. गावात त्या घरातल्या कोणालाच नाव नाही. मोठा पेंटर, मधला पेंटर, पेंटरची आत्या. आणि आमच्या घरात रंग म्हणजे काय, तर पोळ्याला बैलाच्या शिंगाला लावायचा ऑइलपेंट. उरला तर दाराला.

मी बाबांच्या शिव्या खाऊन चित्रं काढायला शिकलो. किन्हीराजा गावातल्या आमच्या शेतात, तुरीच्या ओळीत बसून वहीवर रेघोट्या ओढल्या. मुंबईच्या मोठ्या कला महाविद्यालयात जायचं म्हणून परीक्षा दिली. पेंटरनंही त्याच साली दिली होती. त्याचा नंबर लागला आणि माझं नाव वेटिंगला लोंबकळत राहिलं. शेवटी मी जवळच्याच एका कॉलेजात डिप्लोमा केला आणि शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो. ठीक आहे, नशीब म्हणायचं. पण हा पठ्ठ्या काय करतो? दुसऱ्याच वर्षी कॉलेज सोडून परत येतो! मी त्याला तोंडावर विचारलं होतं, "काहून सोडलं हो?"

म्हणाला, "तिथं मास्तर, समोर माणूस बसवतात अन् म्हणतात, हलू नका. आता माणूस हलला नाही तर तो काढाचा कसा? बसेल माणूस मले काढता येत नाही. माणूस बसला की निघून जाते. नुसती शक्कल राह्यते खुर्चीवर."

बसेल म्हणजे बसलेला. हा त्याचा आवडता शब्द होता. एखादं चित्र, एखादी पाटी, एखादा नवा पुढारी, काहीही आवडलं नाही की पेंटर मान तिरपी करून म्हणायचा, "बसेल हाय." बस्स. पुढं काही नाही. त्या दोन शब्दांची गावात दहशत होती.

मला विचाराल तर हे सगळं सोंग आहे असं मी कित्येक वर्षं मानत आलो. ज्या जागेसाठी मी रात्रंदिवस झुरलो ती यानं लाथाडली, आणि कशासाठी, तर म्हणे माणूस हलत नाही! पण हा सोंगाड्या पुढं दिल्लीला जाऊन प्रदर्शन भरवून आला. पेपरात फोटो आला. मी तो पेपर घरी आणला नाही, तर बाबांनीच पारावरून आणला.

त्याच्या सवयी सांगतो. ब्रश तो आपल्या शर्टाच्या डाव्या बाहीला पुसायचा. फडकं द्या, पुसणं द्या, नाही. ईदला नवा पांढरा कुर्ता घालून निघाला तरी दुपारपर्यंत डावी बाही रंगलेली. मी एकदा हौसेनं तसं करून पाहिलं. आमच्या हिनं शर्ट धुवायला घेतला आणि मोरीतूनच ओरडली, "पेंटरले बायको नाही, म्हणून त्याले शोभते! तुमाले हाय!"

दुसरी सवय म्हणजे भांडण. ज्याचं चित्र काढायचं त्याच्याशी तो आधी भांडण उकरून काढायचा. आमच्याकडच्या एका कापड दुकानदारानं त्याला चित्र काढायला बोलावलं. शेटजी कोट घालून, केसांना तेल लावून बसले. पेंटरनं गादीवर ठेवलेल्या साडीचा पदर चिमटीत धरला आणि म्हणाला, "शेट, याचा रंग पयल्या धुण्यात जाते." झालं! शेटजी उठले, कोट फेकला, बोट नाचवत बोलायला लागले. पेंटर हू की चू न करता कोळशानं कागदावर ओढत राहिला. चित्र घरी आलं तेव्हा शेटाणी म्हणाली, "हेच हायेत. रोज जेवाले बसल्यावर असेच असतात." शेटजींनी ते चित्र दुकानात लावलं. तेव्हापासून तिथं कोणी भाव कमी करायला सांगत नाही म्हणतात.

हे मी हसत हसत सांगतोय. पण पुढचं सांगताना मला हसू येत नाही.

बाबांचा एक बैल होता, पाखऱ्या. लाडका. लाडाच्या भरात त्यानंच एकदा शिंग फिरवलं आणि बाबांच्या डाव्या कानाची पाळी फाटली. बाबा तो फाटका कान लोकांना कौतुकानं दाखवायचे. पाखऱ्या म्हातारा होऊन मेला, घरात ट्रॅक्टर आला, आणि बाबांच्या मनात आलं की ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर पाखऱ्याचं चित्र पाहिजे. मी लगेच म्हणालो, "बाबा, मी काढतो."

"तुले कायले तरास?" बाबा म्हणाले. "तू शाळेचं पाय."

दुसऱ्या दिवशी मी मेडशीहून एसटीनं परत येत होतो. गाडी पेंटरच्या दुकानासमोर गर्दीत अडकली. खिडकीतून पाहतो तर काय, भर रस्त्यात माझे बाबा मान खाली घालून, खांदे डोलवत, पाय आपटत चालून राहिले होते. पाखऱ्या कसा चालायचा ते पेंटरला दाखवत होते! पेंटर ट्रॉलीच्या मागं उकिडवा बसून म्हणत होता, "आता रागानं या बाबा. पेंड दिली नाही असं समजा." आणि बाबांनी शिंगं रोखल्यासारखं डोकं खाली केलं, आणि हसले. खळखळून हसले. माझ्याबरोबर हा माणूस कधी घोडाघोडा खेळला नाही. माझ्याशी बोलायचा तो फीबद्दल आणि पावसाबद्दल. मी खिडकीची काच सरकवून घेतली.

ते चित्र इतकं जिवंत झालं की मेडशीच्या रस्त्याला मागचे ट्रकवाले आमच्या ट्रॉलीपासून अंतर ठेवून चालायचे. बाबा रोज संध्याकाळी फाळका ओल्या फडक्यानं पुसायचे. माझं एक निसर्गचित्र तेव्हा बैठकीत लागलेलं होतं. त्यावरची धूळ कोणी पुसल्याचं मला आठवत नाही.

मग बाबा गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास न देता.

मी ठरवलं होतं, निदान बाबांचं चित्र तरी माझं असेल. आता कोणी मला 'शाळेचं पाय' म्हणणार नव्हतं. बाबांचा धड फोटो एकच होता, माझ्या लग्नातला, त्यात ते फेटा बांधून ताठ उभे. बाकी आधार कार्डावरचा, त्यात तर ते पोलिसांनी पकडून आणल्यासारखे दिसत होते. मी लग्नातला फोटो घेतला, त्यावर पेन्सिलीनं चौकोन पाडले, कॅनव्हासवर तितकेच मोठे चौकोन आखले आणि एकेक चौकोन भरत गेलो. फेट्याची एकेक घडी आली. डावा कान फाटका, अगदी जसाच्या तसा. दिवाळीची सगळी सुट्टी त्यात गेली. चित्र बैठकीत लावलं तेव्हा पाहुणे म्हणाले, "बाप्पा! निर्रा फोटूच!" मी खूश झालो. खोटं कशाला बोलू, फार खूश झालो.

माय चित्रासमोर उभी राहिली. तिनं हार घातला, हळदकुंकू वाहिलं, आणि आत चुलीकडं निघून गेली.

घर हळूहळू सैल झालं. बाबा असताना आमच्या हिच्या डोक्यावरचा पदर कधी खाली आला नाही. सासरे घरात म्हटल्यावर भाकरी थापतानासुद्धा पदर जागेवर. बाबा गेले आणि पदर सुटला. कोणी काही म्हणालं नाही, मायसुद्धा नाही. रविवारी नाहून आली की ही बैठकीतल्या पंख्याखाली, बाबांच्या चित्राच्या बरोबर खाली बसून केस मोकळे सोडून वाळवायची. मीही सुटलोच. बाबांच्या धाकानं मी आयुष्यभर चोरून खर्रा खाल्ला. तंबाखू-सुपारीची ती घोटलेली पुडी मी आता बैठकीतच सोडायला लागलो, चित्राखालच्या खुर्चीत बसून, आरामात.

आणि एके दिवशी माय म्हणाली, "पेंटरले बलाव."

"कायले?"

"तुह्या बाबाचं चित्र काढाले."

मला वाटलं कानात काहीतरी शिरलं. "माय, हे काय हाय मंग भितीवर?"

"चांगलं हाय रे ते. तू मेहनत केली. पण पाय, त्याच्यासंगं भांडता येत नाही मले." ती चित्राकडं पाहून म्हणाली. "चाळीस साल भांडली मी या माणसासंगं. सकाळी उठून काई बोलाव म्हणते, तर हा निसता फेटा बांधून उभा."

मी दोन दिवस जेवलो नाही नीट. स्वतःच्या बापाचं चित्र, स्वतःच्या घरात, आणि स्वतःची माय म्हणते दुसऱ्याला बोलाव! मी नाहीच बोलावलं. तिनंच भाजीवाल्याबरोबर निरोप धाडला.

पेंटर आला. डाव्या बाहीवर निळा आणि शेंदरी. बैठकीत पाऊल टाकल्या टाकल्या त्यानं माझ्या चित्राकडं पाहिलं, मान तिरपी केली. मी मनात म्हणालो, बोल, बोल आता. पण तो माझ्याकडं वळून म्हणाला, "कान चांगला काढला मास्तर."

एवढंच. 'बसेल हाय' म्हणाला असता तर निदान भांडता आलं असतं.

मग तो खाली सतरंजीवर बसला. हातात ना कागद ना कोळसा. "माय," (माझ्या मायला हा माय म्हणतो!) "बाबा दारातून आत येत तवा पयले काय म्हणत?"

माय म्हणाली, "काई नाही. उंबऱ्यात थांबत. चौकटीले हात लावत अन् पाहत, कोण काय करून राह्यलं ते."

"अन् मास्तर काय करत?"

"हा? मोरीत पये खर्रा थुकाले!"

आतून आमच्या हिचं हसू ऐकू आलं. माझे कान तापले. पेंटर म्हणाला, "मंग बाबा काय म्हणत?"

माय उठली. गुडघ्यावर हात ठेवत दारापर्यंत गेली, चौकटीला हात लावून वळली, भुवया आवळल्या आणि थेट बाबांच्या आवाजात म्हणाली, "काय करून राह्यला रे बयताडा?"

आणि हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा माझी माय पोटभर हसली, मग हसता हसता उंबऱ्यावर बसून रडली. पेंटर उठला नाही, समजूत काढली नाही, नुसता पाहत राहिला. मी आतल्या खोलीत निघून गेलो. हे हसू इतके महिने घरातच होतं, आणि ते काढायला बाहेरचा माणूस यावा लागला, याचा मला इतका राग आला की काय सांगू. पेंटर आमच्याकडं भाकर आणि पिठलं खाऊन गेला. आणखी भाकर मागून घेतली.

मग तो महिनोन् महिने फिरकला नाही. मला बरं वाटत होतं. वर्षश्राद्ध जवळ आलं, मी माझं चित्र उतरवून पुसलं, नवी फ्रेम केली. म्हटलं, आता पाहुण्यांसमोर हेच.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पंगती उठल्या, बैठकीत पाहुणे टेकले, आणि पेंटर आला. काखेत चादरीत गुंडाळलेलं चित्र. त्यानं कोणाला विचारलं नाही. स्टूल ओढलं, माझं चित्र खिळ्यावरून उतरवून भिंतीला टेकवलं, आपलं लावलं आणि चादर ओढली.

बाबा दारात उभे होते. फेटा नाही, अंगात बंडी. एक हात चौकटीवर. आत येता येता थांबलेले, मान जरा वळवलेली, भुवया आवळलेल्या, आणि ओठ हलण्याच्या बेतात.

पाहुणे जागच्या जागी सावरून बसले. मी मात्र जवळ गेलो. मी चूक शोधत होतो. रंग पाहिला, बोटं पाहिली, हात पाहिला. आणि देव पावला! फाटकी पाळी उजव्या कानाला होती. उजव्या! मी जवळजवळ ओरडलोच, "चुकलं! कान चुकला! बाबांचा डावा कान फाटका होता. हा उजवा फाडला यानं!"

पाहुणे पाहायला लागले. काहीजण माना हलवायला लागले. कोणीतरी म्हणालं, "हाव ना, डावाच होता." एक वर्ष नाही, सगळं आयुष्य मी या क्षणाची वाट पाहत होतो.

पेंटरनं जवळ येऊन पाहिलं. "हाव का? मंग चुकला असन," तो म्हणाला. "तुमी करून घ्या मास्तर दुरुस्त. तुमाले कान चांगले जमतात."

मी काही बोलणार तोच आतून आमची ही चहाचा ट्रे घेऊन आली. केस मोकळेच होते, दिवसभराच्या धबडग्यात पदर खांद्यावर. तिनं उंबऱ्यातून आत पाऊल टाकलं, समोर पाहिलं आणि जागीच थांबली. दोन्ही हातात ट्रे. तिनं तो ट्रे तसाच खाली जमिनीवर ठेवला, झटकन पदर डोक्यावरून पुढं ओढला, आणि मग मान खाली घालून ट्रे उचलला.

अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं. ती माझ्याकडं पाहायला लागली. मी भिंतीला टेकवलेल्या माझ्या चित्राकडं पाहत होतो. त्याच्याखाली बसून तिनं वर्षभर केस वाळवले होते.

माय एकटीच बोलली. ती बाबांकडं बघून म्हणाली, "आले का? एवढा उशीर?"

पेंटरनं चहा बशीत ओतून आवाज करत प्यायला, बाहीला तोंड पुसलं आणि गेला. थोड्या दिवसांनी हैदराबादलाही गेला.

माझं चित्र आता शाळेच्या कपाटावर आहे. पेंटरचं बैठकीतच. माय रोज सकाळी त्याच्याशी भांडते. ही केस वाळवायला आता माडीवर जाते. कान अजून उजवाच फाटलेला आहे, आणि येणारा जाणारा जुना माणूस कधीतरी म्हणतो, "अरे, कान चुकला वाटते." मला तेवढंच सुख.

पण ते सुखही मला धड घेता येईना. म्हटलं, चूक ती चूक, आणि दुरुस्त करायला तोच सांगून गेलाय. आपल्या हाताचं एक बोटभर तरी त्या चित्रात राहील. परवा दुपारी माय झोपली होती, ही शेजारी गेली होती. मी बरोबर तसाच रंग कालवला, तोंडात खर्रा टाकला, ब्रश घेऊन स्टुलावर चढलो. उजव्या कानावर ब्रश टेकवणार, इतक्यात सहज वर पाहिलं. बाबा माझ्याकडंच पाहत होते. ओठ आता हलणारच होते.

मी खाली उतरलो. मोरीत जाऊन खर्रा थुंकलो, चूळ भरली, ब्रश धुतला. आणि तिथंच उभा राहून त्या पेंटरला एक सणसणीत शिवी घातली. हळू आवाजात, बैठकीत ऐकू जाऊ नये म्हणून.